पेट्रोलवर चालणारी करवत : तिची दुखणीं व तिची निगा

कोंकणांत वडिलोपार्जित घर आहे, घराभोंवतीं आंब्याफणसाचीं चार झाडें आहेत, आणि वास्तव्य मात्र मुंबईपुण्यास आहे, अशीं कुटुंबें थोडीं नाहींत. अशा कुटुंबांना ३ जून २०२० हा दिवस विसरणें कठीण आहे. त्या दिवशीं 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आंब्याचे जुने वृक्ष उन्मळून घरांवर व रस्त्यांवर पडले, आणि कित्येक गांवांतील वीज दीर्घकाळ नाहींशी झाली. पुढल्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, 'तौक्ते' वादळानें तोच किनारा पुन्हा झोडपला. वीज नाहीं म्हणजे विजेची करवत निरुपयोगी. आणि कुऱ्हाडीनें एक थोर खोड तोडावयाचें तर दिवस मावळावयाचा. अशा प्रसंगीं खरी उपयोगी पडते ती पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. बाजारांत तिला 'चेनसॉ' म्हणतात. गांवांत नुसतें 'कटर' म्हटलें कीं भागतें.

परंतु घरांत असलेली वस्तु आणि सज्ज असलेली वस्तु यांत अंतर आहे. वर्षाकाठीं एकदां, तेंही संकटाच्या वेळीं, माळ्यावरून खालीं काढलेली ही करवत नेमकी त्याच वेळीं चालू होत नाहीं, अशी तक्रार वारंवार ऐकूं येते. दोष बहुधा यंत्राचा नसतो. मागील खेपेचें काम संपल्यावर तें कसें ठेविलें गेलें, यावरच पुढील खेपेस तें चालेल कीं नाहीं हें ठरतें. दुखणीं थोडीं आहेत, त्यांचीं लक्षणें स्पष्ट आहेत, आणि तीं ओळखण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं. क्रमानें पाहण्याची संवय मात्र लागते.

साखळीनें कापण्याची कल्पना मूळची अरण्यांतील नव्हे, शस्त्रवैद्यकांतील आहे. १८३० च्या सुमारास बर्नार्ड हाइने या जर्मन गृहस्थानें हाड कापण्यासाठीं हातानें फिरवावयाचें साखळीचें एक उपकरण तयार केलें. लांकडाच्या कामीं त्या कल्पनेला यश येण्यास पुढें जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. आन्द्रेआस श्टील या अभियंत्यानें जर्मनींत १९२६ सालीं विजेवर व १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी करवत बनविली. पेट्रोलवरील त्या पहिल्या करवतीचें वजन सुमारें ४६ किलो होतें, आणि ती चालवावयास दोन माणसें लागत. आजची घरगुती करवत चारपांच किलोंची असते व एकटा मनुष्य ती चालवितो. साखळीच्या दातांची कथा याहून मनोरंजक आहे. अमेरिकेंतील ओरेगॉन राज्यांत जोसेफ कॉक्स नांवाच्या लांकूडतोड्यानें १९४६ सालीं लांकूड पोखरणारी एक अळी पाहिली. ती आपल्या जबड्यानें आळीपाळीनें डावीकडे व उजवीकडे कुरतडीत लांकडाच्या धाग्यांतून सहज पुढें सरकते, हें त्याच्या ध्यानांत आलें. त्या जबड्याच्या धर्तीवर त्यानें दात घडविले व १९४७ पासून त्या साखळीचा व्यवसाय सुरू केला. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच वंशांतल्या आहेत. त्यांचा दात लांकूड घासून काढीत नाहीं. तो रंध्याप्रमाणें त्याचे कपचे सोलून काढतो. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण पुढें धारेचा विचार करतांना तिचा उपयोग आहे.

या करवतीचें इंजिन जुन्या स्कूटरच्या इंजिनाप्रमाणें टू-स्ट्रोक जातीचें असतें. त्याला वंगणाची वेगळी सोय नसते. जें तेल पेट्रोलांत मिसळावें तेंच त्याचें वंगण. पूर्ण वेगांत हें इंजिन मिनिटास १२,००० हूनही अधिक फेरे घेऊं शकतें, आणि साखळी सेकंदास सुमारें २० मीटर धांवते. एवढ्या वेगांत तेलाविना क्षणभरही निभाव लागत नाहीं. सामान्य प्रमाण पन्नास भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे एका लिटरास २० मिलिलिटर. कांहीं यंत्रांस चाळीसास एक, म्हणजे २५ मिलिलिटर लागतें. कोणतें प्रमाण घ्यावयाचें तें यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. तेल मोजून घालावें, झांकणाच्या अंदाजानें घालूं नये. तें कमी पडलें तर पिस्टनवर ओरखडे उठून इंजिन धरतें, आणि मग दुरुस्तीचा खर्च नव्या करवतीच्या किंमतीशीं स्पर्धा करूं लागतो. अधिक झालें तर धूर होतो, प्लग काजळतो, पण यंत्र वांचतें.

पेट्रोल ही नाशवंत वस्तु आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तेल मिसळलेलें पेट्रोल महिनाभरांत वापरून संपवावें हें उत्तम. त्यांतच इथेनॉलची भर पडली आहे. भारतांत २०२३ सालापासून वीस टक्के इथेनॉल असलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें व पुढील दोन वर्षांत तें देशभर पसरलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ओलावा फार झाला म्हणजे तें पाण्यासह वेगळें होऊन तळाशीं बसतें. कोंकणांतील दमट हवेंत ही क्रिया होण्यास वेळ लागत नाहीं. शिवाय कार्ब्युरेटरमधील पातळ पडदा व रबरी नळ्या त्यानें कडक किंवा फुगीर होतात. अनेक उत्पादक आपल्या करवतींस दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल चालत नाहीं असें सांगतात. तेव्हां खरेदीच्या वेळींच दुकानदारास याविषयीं विचारावें, आणि काम संपल्यावर टांकींत पेट्रोल ठेवूं नये.

आतां करवत चालू होत नाहीं असें धरूं. चालू-बंद करण्याचा खटका योग्य जागीं आहे ना, टांकींत ताजें पेट्रोल आहे ना, हें प्रथम पाहावें. हास्यास्पद वाटलें तरी निम्मा घोटाळा येथेंच असतो. त्यानंतर प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर इंजिनांत पेट्रोल फाजील झालें आहे. चोक लावून दोरी पुनःपुन्हा ओढल्यानें असें होतें. अशा वेळीं प्लग पुसून कोरडा करावा, खटका बंद व चोक उघडा ठेवून, प्लगवांचून दोरी सातआठ वेळां ओढावी, म्हणजे सांचलेलें पेट्रोल बाहेर पडतें. तें उडून डोळ्यांत जाऊं नये म्हणून तोंड बाजूस ठेवावें. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोंचतच नाहीं. टांकीच्या आंत नळीच्या टोंकास लहानसा फिल्टर असतो, तो तारेच्या आंकड्यानें बाहेर काढून पाहावा. तो मळला असल्यास बदलावा. प्लगचा रंगही बोलका असतो. तपकिरी रंग आरोग्याचा. काळी काजळी असेल तर तेल अधिक आहे किंवा हवा कमी पडते आहे. प्लगच्या दोन टोंकांतील फट अर्ध्या मिलिमीटरची असावी. एवढें करूनही यश न आल्यास नवा प्लग घालून पाहावा. तो फारसा महाग नसतो.

करवत चालू होते, पण वेग दिला कीं घुसमटून बंद पडते, अशी दुसरी तक्रार असते. येथें बहुतेक जण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवूं लागतात. आजार म्हशीला आणि डाग पखालीला, असा तो प्रकार होतो. कारण बहुधा हवेचा फिल्टर भुशानें कोंडलेला असतो. तो काढून झटकावा, कोमट साबणाच्या पाण्यानें धुवावा, पूर्ण वाळवूनच बसवावा. त्यानंतर सायलेन्सरच्या तोंडाशीं ठिणग्या अडविण्याकरितां बसविलेली बारीक जाळी पाहावी. ती काजळीनें बुजली कीं इंजिनास श्वास सोडतां येत नाहीं. हवा आंत जाते, धूर बाहेर पडतो, पेट्रोल पोंचतें, ठिणगी पडते, अशी चारही बाबींची खात्री झाल्यावरच कार्ब्युरेटरचा संशय घ्यावा, आणि तें काम जाणत्या मिस्त्रीकडे सोंपवावें. चुकीच्या दिशेस फिरविलेला स्क्रू इंजिनास पेट्रोल, आणि त्याबरोबर तेलही, कमी देतो. इंजिन क्षणभर जोरांत चालल्यासारखें वाटतें व थोड्याच वेळांत जळतें.

तिसरी तक्रार अशी कीं इंजिन उत्तम चालतें, पण लांकूड कापलें जात नाहीं. येथें खालीं पडणारा भुसा पाहावा. दात धारदार असतील तर कपचे पडतात, तांदुळाच्या दाण्याहून मोठे. पिठासारखी बारीक पूड पडूं लागली कीं धार गेली असें समजावें. तशा स्थितींत जोर लावून करवत दाबणारा मनुष्य इंजिन तापवितो, पट्टी झिजवितो, आणि स्वतः थकतो. आणि थकलेल्या हातांतून करवत निसटते. बोथट करवत धारदार करवतीहून अधिक धोक्याची, हें सुतारास नव्यानें सांगावें लागत नाहीं. धार लावण्यास गोल कानस लागते. साखळीच्या मापाप्रमाणें ती ४ मिलिमीटरपासून ५.५ मिलिमीटरपर्यंत असते. दाताच्या आंतून बाहेर, बहुधा तीस अंशांच्या कोनांत, प्रत्येक दातास सारखे हात द्यावे. एका बाजूचे दात अधिक घासले गेले तर करवत त्यानंतर सरळ कापीत नाहीं, एका अंगास वळते. दातापुढें एक लहान उंचवटा असतो. दातानें लांकडांत किती खोल शिरावें हें तो ठरवितो. दात झिजत गेला म्हणजे हा उंचवटाही मापानेंच, चपट्या कानशीनें, थोडा उतरवावा लागतो. खोडास लागलेल्या मातीवाळूंतून साखळी एकदां गेली तरी धार जाते. म्हणून पडलेलें झाड कापण्यापूर्वीं साल झाडून घ्यावी, आणि साखळीचें टोंक जमिनीस लागूं देऊं नये.

साखळी फार सैल असेल तर ती पट्टीवरून उतरते. फार ताणली तर पट्टी व धुरा झिजवितात. इंजिन बंद करून, हातमोजा घालून, ती हातानें ओढून पाहावी: पट्टीच्या खालच्या कडेस लोंबू नये, पण सहज सरकावी. तापल्यावर ती लांबते. म्हणून कामाच्या मध्यें ताणली असल्यास काम संपल्यावर पुन्हा सैल करावी, नाहींतर निवतांना आखडून ती धुऱ्यावर ताण आणते. साखळीचें तेल पोंचतें कीं नाहीं हें पाहण्याची रीत सोपी आहे. पट्टीचें टोंक एखाद्या फिकट फळीसमोर धरून वेग द्यावा. फळीवर तेलाची बारीक रेघ उमटली पाहिजे. वेग न देतांही साखळी फिरत असेल तर मात्र काम तात्काळ थांबवावें. इंजिनाचा मंद वेग वाढला आहे, किंवा क्लचची स्प्रिंग तुटली आहे. दोन्ही दोष दुरुस्त झाल्यावांचून ती करवत हातांत घेऊं नये.

या यंत्राचा सर्वांत मोठा धोका म्हणजे त्याची उसळी. पट्टीच्या टोंकाचा वरचा भाग लांकडास लागला कीं करवत डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उलटते. पुढील मुठीसमोरील ढाल त्या धक्क्यानें पुढें ढकलली जाऊन साखळी थांबते. ती नीट काम करते ना, हें प्रत्येक वेळीं आरंभीं तपासावें. डाव्या हाताचा आंगठा मुठीखालून वेढलेला असावा, करवत खांद्याच्या वर नेऊं नये, शिडीवर उभें राहून ती चालवूं नये, आणि शरीर कापाच्या रेषेंत नसावें. चालू करतांना ती जमिनीवर ठेवून पाय मागील मुठींत दाबावा. डोळ्यांस चष्मा, कानांस बोळे व पायांस जाड विजार असावीच. वादळांत पडलेलें झाड तर अधिकच फसवें असतें. वांकलेली फांदी ताणलेल्या धनुष्यासारखी असते. कोणत्या अंगास दाब आहे व कोणत्या अंगास ताण आहे हें ओळखल्याशिवाय तीस हात लावूं नये. मुळांसकट उन्मळलेल्या झाडाचें खोड कापतांच मुळांचा गड्डा पुन्हा खड्ड्यांत उभा राहूं शकतो. फांद्यांत विजेची तार अडकली असेल तर वीजकर्मचाऱ्यांनीं प्रवाह बंद केल्याचें सांगेपर्यंत दूर राहावें. उभें झाड तोडण्यास तर महाराष्ट्रांत कायद्याचें बंधन आहे: १९६४ चा वृक्षतोडीविषयींचा कायदा व शहरांसाठीं १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा. करवत हातांत आहे म्हणून परवानगी हातांत आली असें होत नाहीं.

काम संपल्यावर अर्धा तास खर्चावा. टांकी रिकामी करावी, इंजिन चालूं देऊन कार्ब्युरेटरमधील उरलेलें पेट्रोल जळूं द्यावें, फिल्टर स्वच्छ करावा, पट्टीच्या खोबणींतील तेलकट भुसा खरवडावा, पट्टी उलटी करून बसवावी म्हणजे ती दोन्ही कडांनीं सारखी झिजते, साखळीस तेल लावावें, आणि करवत कोरड्या जागीं ठेवावी. कोंकणांतील जाणतें माणूस आगोटीस जळण आंत घेतें, कौलें चाळतें, सुकी मासळी भरून ठेवतें. त्याच दिवसांत, मृग लागण्यापूर्वीं, ताज्या पेट्रोलावर ही करवत पांच मिनिटें चालवून पाहावी, धार पाहावी, आणि टांकी पुन्हा रिकामी करून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणण्याची पाळी मग येत नाहीं. दारांत आंबा आडवा पडलेला असतां, घरांतील वृद्धास दवाखान्यांत न्यावयाचें असतां, दोरीच्या दुसऱ्या ओढीस इंजिन बोलूं लागावें, इतकीच या यंत्राकडून अपेक्षा असते. आणि ती पुरी होण्याची तजवीज मे महिन्यांतल्या त्या एका दुपारीं होऊन गेलेली असते.