दयाळ आणि घार
(ज्युबिलीच्या दिवशीं मिसेनंतर केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिनीं मी आपणांस दोन पांखरांविषयीं चार शब्द सांगणार आहें. चैत्र-वैशाखांत पहांटे शेंड्यावर बसून शीळ घालणारा काळापांढरा दयाळ आपणां सर्वांस ठाऊक आहे. होड्या किनाऱ्यास लागल्या कीं वर घिरट्या घालणारी, पांढऱ्या मस्तकाची व तांबूस पंखांची ब्राह्मणी घारही ठाऊक आहे.

पहिल्यास आपण साधु समजतों, दुसरीस लुटारू. मीही पूर्वीं एका प्रवचनांत घारीस पापाची उपमा दिली होती; ती आज परत घेतों. दयाळ गातो तो मादीस बोलवावें व आपली हद्द राखावी म्हणून. तींत दुसरा नर शिरल्यास त्याच्यावर धांवूनही जातो. किड्यांच्या दृष्टीनें तर तोही शिकारीच! उलट घार मेलेली मासळी व टाकाऊ घाण उचलून आपला किनारा स्वच्छ करिते, आणि नर-मादी मिळून पिलांस भरवितात. प्रभूनें एकास कंठ दिला, दुसरीस तीक्ष्ण दृष्टि व नख्या दिल्या. पवित्र शास्त्रांत क्षुद्र चिमणीही पित्याच्या स्मरणांत आहे, आणि संत योहानाचें चिन्ह गरुड आहे.

आपल्या धर्मग्रामांतही हाच वाद ऐकूं येतो. गायकवृंदांतले म्हणतात, होडीवर व परदेशीं गेलेले देवळास विसरले. ते म्हणतात, गाण्यानें चूल पेटत नाहीं. बंधूंनो, दोघांचें झाड एकच आहे.

3 जून 2020 रोजीं निसर्ग चक्रीवादळानें रायगडच्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या बागा व जुनीं झाडें आडवीं केलीं. घारीस घरट्यासाठीं उंच शेंडा पाहिजे, दयाळास जुन्या खोडांतील ढोली पाहिजे. काल लावलेलें रोप ह्यांपैकीं कांहींच देऊं शकत नाहीं. त्यास एका पिढीची वाट पाहावी लागते. ज्यांनीं ह्या देवळाचा पाया घातला, त्यांनीं आपलीं नांवें तरी कोठें ऐकिलीं होतीं?

म्हणून ज्युबिलीची आठवण म्हणून प्रत्येक कुटुंबानें एक आंबा, वड किंवा उंडी लावावी. धोका नसेल तेथें ढोलीचें जुनें खोड तोडूं नये. गाणाऱ्यानें दूर गेलेल्यासाठीं प्रार्थना करावी, दूर गेलेल्यानें घरीं राहिलेल्याचा भार उचलावा. मग जो दयाळ आपण ऐकणार नाहीं, तो आपल्या नातवंडांस मिसेसाठीं जागा करील.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.