तात्यांची आठवण


तात्यांनी वीणा कधी खांद्यावर घेतला नाही. टाळ धरायचे, तोही मागच्या ओळीत. पण पुणे ते सासवड हा टप्पा किती मोठा, त्यात दिवेघाटाची चढण, हे तुम्ही जाणताच. मुक्कामाला म्हाताऱ्या माणसांच्या पायाला फोड आलेले असायचे. तात्या पातेल्यात पाणी तापवायचे, मीठ टाकायचे, एकेकाचे पाय शेकून खोबरेल लावायचे. आधी बायाबापड्या, मग पुरुष, मग स्वतःची भाकर. औषधाचा खर्च पदरचा. भिशीत कधी मागितला नाही.

एका वर्षी लेकीचं बाळंतपण अडल्याचा निरोप लोणंदला आला. तात्या तशीच एसटी धरून परतले. वारी मोडली म्हणून काहींनी नावं ठेवली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही. संसार टाकून या म्हणून माउलींनी कुणाला सांगितलंय? पुढं काकू अंथरुणाला खिळल्या, तेव्हा तीन वर्षं तात्या घरीच राहिले. तिचं सगळं हातानं केलं. ट्रक निघताना मात्र शेंगदाण्याच्या चटणीचा डबा न चुकता यायचा.

यंदा धाकटा दिंडीत आहे. काकूंनी त्याच्याबरोबर ते पातेलं पाठवलंय.