रंधा मशीन घरी आलं आणि पाचवी फळी गेली

आज आवाज थोडा घुमेल, कारण मी खोलीत नाही, घरामागच्या शेडमध्ये बसून बोलतेय. माझ्या शेजारी नवीन रंधा मशीन आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये ज्याला जॉइंटर म्हणतात, तेच. आपल्याकडे दुकानात जाऊन जॉइंटर मागितलात तर समोरचा नुसता बघत राहील. सरफेस प्लेनर म्हणा, नाहीतर सरळ रंधा मशीन म्हणा.

ते घ्यायचं कारण म्हणजे पाच फळ्या. वाईचं आमचं आजोळ उतरवलं, तेव्हा मामाने तक्तपोशीतल्या पाच सागवानी फळ्या माझ्यासाठी बाजूला ठेवल्या. प्रत्येक साधारण ४ फूट लांब, साडेपाच इंच रुंद आणि २५ मिलिमीटर जाड. आई त्याच छताखाली शिवण शिकली, म्हणून ठरवलं की तिच्या शिलाई मशीनसाठी टेबलाचा वरचा भाग याच फळ्यांचा करायचा. चार लागणार, एक शिल्लक. पण फळ्या इतक्या वर्षांत वाकलेल्या, एकीला तर पीळ पडलेला. कडेला कड लावली की मधून चक्क बोट जाईल एवढी फट.

तर मशीन आलं. ६ इंची, दीड हॉर्सपॉवर, सिंगल फेज. खोक्यातून काढल्यावर सगळ्या बिडाच्या भागांना गंज लागू नये म्हणून चिकट ग्रीस फासलेलं असतं. ते रॉकेलने पुसलं, वर मेण घासलं. आमच्याकडे साताऱ्याला पावसाळ्यात नुसता ओला हात टेबलवर टेकवला तरी दुसऱ्या दिवशी पाची बोटांचा गंजलेला ठसा दिसतो, त्यामुळे मेण विसरू नका. वायर १६ अँपच्या सॉकेटला. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शनला असलं काही जोडू नका, प्लीज.

इथपर्यंत मी शहाण्यासारखी वागले. मग घाई झाली.

आधी यंत्र कसं चालतं ते सांगते, म्हणजे माझी चूक कळेल. दोन टेबलं असतात आणि मधे पात्यांचा फिरता कटर ब्लॉक. अलीकडच्या टेबलवरून फळी ढकलायची, पाती खालून लाकूड खातात आणि तासलेली बाजू पलीकडच्या टेबलवर सरकते. अलीकडचं टेबल पात्यांपेक्षा जितकं खाली, तितकं लाकूड निघतं. आणि पलीकडचं टेबल? ते पातं फिरताना ज्या सर्वांत वरच्या बिंदूवर येतं, बरोबर त्या उंचीला पाहिजे. केसभरही वर नाही, खाली नाही. फळी सरळ होते ती या उंचीमुळे. खाली राहिलं तर फळीचं शेवटचं टोक अलीकडच्या टेबलवरून सुटताना खाली बसतं आणि तिथे खड्डा पडतो. वर राहिलं तर काय होतं, ते मी पाचशे रुपयांच्या पाइनवर नाही, आजोळच्या सागवानावर शिकले.

पहिली फळी लावली. पलीकडच्या टेबलच्या ओठाला ती किंचित अडली. मी रेटली. गेली. बघितलं तर पुढचा भाग छान तासलेला, मागचा अर्धा जुन्या काळ्या रंगाचाच. म्हटलं, अजून एकदा. मग अजून एकदा. मोजलं नाही मी, पण आठ-दहा वेळा तरी फिरवली. शेवटी कॅलिपर लावला तर एक टोक २४ मिलिमीटर आणि दुसरं १५. फळी नाही, पाचर झाली होती! पलीकडचं टेबल उंच असल्याने फळी त्यावर चढत होती, पात्यांपासून दूर जात होती. दर वेळी पुढचंच टोक खाल्लं जात होतं.

शिल्लक फळी संपली. आता चारच होत्या आणि चारच लागणार होत्या. मी मशीन बंद केलं आणि परत करायचा फॉर्म उघडला, खरं सांगते. दोष मशीनचा, असं मनात पक्कं झालं होतं.

आमच्या गल्लीत एक मिस्त्रीकाका राहतात. आता काम करत नाहीत. आवाज ऐकून तेच आले. मशीन कुठल्या कंपनीचं, केवढ्याचं, काही विचारलं नाही. आधी भिंतीतला प्लग उपटला. मग म्हणाले, "एक सरळ लाकडी पट्टी दे." पट्टी पलीकडच्या टेबलवर अशी ठेवली की टोक कटर ब्लॉकच्या वर यावं, आणि पुली हाताने हळू फिरवली. पातं वर आलं, निघून गेलं. पट्टीला शिवलंसुद्धा नाही.

"अगं, हे टेबल उंचावर बसलंय. फळीनं चढायचं का उडी मारायची?"

टेबल थोडं थोडं उतरवत गेलो. पात्याने पट्टीला पकडून दोन-तीन मिलिमीटर पुढे न्यावं आणि सोडावं, ही खूण. मग तीच तपासणी तिन्ही पात्यांना, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना. एक पातं पट्टीला चांगलं सहा-सात मिलिमीटर ओढत होतं, म्हणजे ते बाकीच्यांपेक्षा वर होतं. वर असलेलं एकटंच शेवटचा हात फिरवतं. गणित करा: ब्लॉक मिनिटाला ५००० फेरे मारतो, तीन पाती म्हणजे १५,००० घाव. फळी मिनिटाला ३ मीटर ढकलली तर दोन घावांत ०.२ मिलिमीटर अंतर. एकच पातं लागत असेल तर ०.६, आणि तेवढ्या लाटा बोटाला जाणवतात. स्क्रू सैल करून ते पातं बसवायला आम्हाला पाऊण तास लागला. कंटाळवाणं काम आहे, त्याचं वर्णन करत नाही.

मी प्लग लावायला गेले तर काकांनी हात आडवा धरला. "याचं झाकण कुठाय?"

पात्यांवरचा गार्ड खोक्यातच होता. मी बसवला नव्हता. व्हिडिओंमध्ये कुणाच्याच मशीनवर दिसत नाही, म्हणून वाटलं नको असेल. काकांनी डावा हात पुढे केला. मधल्या बोटाचं एक पेर नाही. इतकी वर्षं बघतेय तो हात, कधी विचारलं नव्हतं. आठ इंचाचा तुकडा होता, म्हणाले, गिऱ्हाईक घाई करत होतं. तुकडा उडाला, बोट खाली गेलं. "दुखलं नाही गं त्या वेळी. कळलंच नाही."

गार्ड बसवला. एक फुटापेक्षा छोटा तुकडा या मशीनवर चढणार नाही, हे भिंतीवर खडूने लिहिलं. हातमोजे नाहीत, कारण मोजा अडकला की हात ओढतो. फळी दाबायला रबर लावलेले दोन पुश ब्लॉक. तोंडाला मास्क, सागवानाचा भुसा घशाला आणि कातडीला त्रास देतो.

आणि एक जुना स्पीकर फोडून काढलेलं चुंबक. हे काकांचं. जुन्या लाकडात डोकं तुटलेले खिळे लपलेले असतात. चारही फळ्यांवरून फिरवलं, तीन ठिकाणी चिकटलं.

मग आधी पाइन. दोन तुकड्यांच्या कडा मारल्या, एकावर एक धरून ट्यूबलाइटकडे बघितलं. उजेडाची रेघ नाही! पण दोन्ही मिळून सपाट बसेनात, हलकीशी घडी पडत होती. फेन्स, म्हणजे ज्या उभ्या आधाराला फळी टेकवून कड मारतो, तो पूर्ण काटकोनात नव्हता. गुण्या लावून नीट केला. काकांनी वर एक युक्ती दिली: जोडायच्या दोन फळ्यांपैकी एकीचं तोंड फेन्सकडे ठेवायचं, दुसरीचं उलट. कोन ८९ अंशाचा आला तरी समोरचा ९१ चा येतो, बेरीज १८०. जोड सपाटच बसतो.

सागवान संध्याकाळी घेतलं. खोलगट बाजू खाली, म्हणजे फळी दोन टोकांवर टेकते, डुगडुगत नाही. एका वेळी अर्धा मिलिमीटर. रेषांची दिशा बघून, नाहीतर ढलप्या उपटून निघतात. पहिला फूटभर पलीकडे गेला की दाब पलीकडच्या टेबलवर न्यायचा. तिसऱ्या फेरीत काळा थर गेला आणि खालून मधासारखा रंग आला. वासाने मला थेट वाईचा माळा आठवला, तिथला तो दुपारचा उकाडासुद्धा.

अजून एक गोष्ट राहिलीच. रंधा मशीन एक बाजू सरळ करतं आणि तिला काटकोनात एक कड देतं, बस. दुसरी बाजूही यावर मारली तर ती सरळ होईल, पण पहिलीला समांतर असेलच असं नाही. सारख्या जाडीसाठी थिकनेस प्लेनर लागतो. माझ्याकडे नाही. काकांनी कडेला रेघ मारून दिली आणि दुसरी बाजू आम्ही हातरंध्याने त्या रेघेपर्यंत आणली. दोन दिवस गेले, दंड भरून आले. चारही फळ्या १९ मिलिमीटरवर थांबल्या.

आज सकाळी फेविकॉल लावून शिकंजे आवळलेत. उद्या काढीन. पाचव्या फळीची जाड बाजू कापून दोन नवे पुश ब्लॉक केलेत, पातळ टोक शेडच्या दाराखाली लावलंय, वाऱ्याने आपटायचं ते बंद झालं. आई दुपारपासून दोनदा येऊन शिकंजे बघून गेलीय. हात लावू नकोस म्हटलं तर लावला नाही, नुसती वाकून वास घेत होती.