पेशीपटलाचे कोडे : डॉ. रॉस्को ब्रेडी यांची संशोधनसाधना



आजचा विषय ऐकावयास रुक्ष वाटेल; परंतु तो आपणां प्रत्येकाच्या देहातील प्रत्येक पेशीशी निगडित आहे. घराला जशी भिंत, तसे पेशीला पटल असते. ही भिंत दगडाची नव्हे. ती मुख्यतः स्निग्ध द्रव्यांची व प्रथिनांची, नित्य झिजणारी आणि नित्य नवी होणारी असते. त्या स्निग्ध द्रव्यांपैकी एका वर्गास स्फिंगोलिपिड म्हणतात. मेंदूच्या रसायनाचे अभ्यासक योहान थुडिकम यांनी १८८४ साली लंडन येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या वर्गातील मूळ घटकाला ग्रीक पुराणातील स्फिंक्सवरून नाव दिले. स्फिंक्स ही आपल्या वेताळाप्रमाणे कोडी घालणारी. द्रव्य हाती आले, पण त्याचे मर्म उमगेना, म्हणून हे नाव.

त्याआधी दोनच वर्षे, १८८२ साली, फिलिप गोशे या फ्रेंच वैद्याने विलक्षण वाढलेल्या प्लीहेच्या एका रुग्णाचे वर्णन केले होते. त्यास तो अर्बुदाचा प्रकार वाटला. पुढे कळले की या रोगात ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचे स्फिंगोलिपिड साचत जाते. प्लीहा व यकृत फुगतात, रक्त कमी होते, हाडे दुखतात आणि मोडतात.

हे द्रव्य साचते का? ते अधिक निर्माण होते, की त्याचा निचरा होत नाही? अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९५४ साली रुजू झालेल्या डॉ. रॉस्को ब्रेडी यांनी हा प्रश्न हाती घेतला. निर्मिती यथास्थित असल्याचे आढळल्यावर त्यांनी व सहकाऱ्यांनी किरणोत्सर्गी कार्बनाने अंकित केलेले द्रव्य वापरून विघटनाचा माग काढला. १९६५ पर्यंत उत्तर मिळाले : झिजलेल्या रक्तपेशींच्या पटलातील हे द्रव्य मोडणारे एक विकर, म्हणजे ज्यास आपण एन्झाइम म्हणतो ते, रुग्णांत अत्यल्प असते. दोष बांधणाऱ्याचा नव्हे, तर केर काढणाऱ्याचा होता.

कारण कळले, परंतु उपचारास आणखी २६ वर्षे लागली. प्रसूतीनंतर पडणारी वार आपण पुरून टाकतो. ब्रेडी यांनी त्याच वारेतून ते विकर शुद्ध स्वरूपात मिळविले आणि १९७४ साली दोन रुग्णांना ते दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. यकृतातील संचय काहीसा घटला, पण पुढील प्रयोगांत यश हुलकावणी देत राहिले. विकर शरीरात जाई, परंतु ज्या भक्षक पेशींत द्रव्य साचते तेथे पुरेसे पोहोचत नसे. तेव्हा विकरावरील शर्करेच्या साखळ्या छाटून मॅनोज ही शर्करा उघडी करण्यात आली. भक्षक पेशी ती ओळखून विकर आत घेतात. तरीही प्रौढांत गुण दिसेना. एका लहान मुलाचे हिमोग्लोबिन मात्र वाढले. वजनाच्या मानाने त्यास मात्रा अधिक मिळाली होती, हे तेव्हा ध्यानात आले. मात्रा वाढवून १२ रुग्णांवर प्रयोग झाला. सर्वांचे हिमोग्लोबिन वाढले, सर्वांची प्लीहा लहान झाली. १९९१ साली औषधास मान्यता मिळाली आणि १९९४ पासून जनुकतंत्राने ते तयार होऊ लागल्याने वारेवरील भिस्त संपली.

या कथेतून आपणही एक गोष्ट घ्यावी. आईबाप दोघेही निरोगी, परंतु सदोष जनुकाचे वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. अश्केनाझी ज्यूंसारख्या, पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरिकी करीत आलेल्या समाजात तो अधिक आढळतो. आपल्याकडे अशा दुखण्याचे खापर पुष्कळदा आईच्या कपाळी फुटते. एका विकराच्या उणिवेसाठी कोणासही बोल लावणे न्याय्य नव्हे.

भारत सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात गोशे रोगाचा अंतर्भाव आहे. तथापि उपचार आजन्म घ्यावा लागतो आणि तो सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे. शिवाय शिरेतून दिलेले हे विकर मेंदूत पोहोचत नाही. ज्या प्रकारांत मेंदू ग्रासला जातो, तेथे मेंदूच्या विकारावर त्याचा इलाज चालत नाही. ब्रेडी २०१६ साली निवर्तले. थुडिकम यांना मेंदूत सापडलेले कोडे मेंदूपुरते अद्याप उरले आहे. आपल्या मुलांपैकी कोणी ते सोडवावयास बसले, तर त्यास वर्षे मोजू देऊ नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.