हिमसरोवराच्या कांठीं

आइसलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर योकुल्सारलोन नांवाचें सरोवर आहे. तेथील हिमनदी मागें हटूं लागली आणि १९३४ च्या सुमारास तें जन्मास आलें. त्याच्या पूर्वतीरावरून लहान मुलें व आमच्यासारखे वृद्धही सुखानें फिरूं शकतात. मात्र तरंगत्या हिमखंडावर कोणीही पाय ठेवूं नये. त्याचा सुमारें नऊदशांश भाग पाण्याखालीं असतो. तो केव्हां उलटेल याचा नेम नाहीं.

माझ्या नातवानें तोच हट्ट धरला. मीं त्याचा हात घट्ट धरून म्हटलें, “बाळ, हें सरोवर तुझ्या पणजोबांहून वयानें लहान आहे. ते जन्मले तेव्हां येथें बर्फच होतें.”

“मग तें अजून वाढतें आहे?” त्यानें विचारलें.

होय, वाढतें आहे. परंतु त्याची वाढ म्हणजेच हिमनदीचा क्षय, हें सांगतांना माझा कंठ दाटून आला.