भिंगातून दिसलेली परसबाग

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘फुले व कीटक यांचे जवळून छायाचित्रण’ असा विषय छापलेला आहे. तो वाचून काही पालकांच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मी येथून पाहिले. मास्तरांना दुसरा उद्योग नाही काय, असेच कुणाच्याही मनात येईल. मी बी. ए., बी. एड. झालेला मराठीचा शिक्षक. विज्ञान माझा विषय नाही आणि मी छायाचित्रकारही नाही. तरी हा विषय मी मागून घेतला. कारण माझ्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला होता आणि तो मला एका छोट्याशा भिंगाने दाखवून दिला. ती हकीकत प्रथम सांगतो.

डिसेंबर २०२४ मधील गोष्ट. विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते, म्हणून नववीच्या घटक चाचणीचे पेपर तपासण्याचे काम माझ्याकडे आले. ‘शेतकऱ्याला मदत करणाऱ्या एका कीटकाची माहिती लिहा’ असा दोन गुणांचा प्रश्न होता. बहुतेकांनी मधमाशी लिहिली. एका मुलाने लिहिले, ‘चवळीवर सुसरीसारखी काळी अळी फिरते. ती मावा खाते.’ अळी म्हणजे पिकाचे नुकसान करणारी, एवढेच माझे ज्ञान. मी लाल शाईने फुली मारली. मुलाला २० पैकी ६ गुण पडले, उत्तीर्ण होण्यास ७ हवे होते.

तो मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मी स्वतः बघितलंय.” मी त्याला म्हणालो, “पेपरात बघितलेलं लिहायचं नसतं, शिकवलेलं लिहायचं असतं.” हे वाक्य आज आपल्यापुढे उच्चारतानाही मला लाज वाटते.

त्याच आठवड्यात त्याचे वडील शाळेत आले. नववीनंतर मुलाला चुलत्याच्या दुकानात बसवण्याचा त्यांचा विचार होता. ते म्हणाले, “सर, पोर दिवसभर परड्यात किडे बघत बसतो. किडे बघायला का शाळेत घातलाय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. उलट त्याचे गुण दाखवून मी त्यांच्या बोलण्याला दुजोराच दिला.

माझ्या भाच्याने मला मोबाइलला चिमट्यासारखे अडकवायचे एक भिंग दिले होते. ते टेबलाच्या खणात तसेच पडून होते. एका रविवारी सकाळी घरामागच्या चवळीवर मावा पडलेला दिसला आणि त्यात एक काळी अळी फिरताना दिसली. मुलाचे उत्तर आठवले. भिंग लावले आणि मोबाइल अगदी जवळ नेला. पडद्यावर जे दिसले ते पाहून मी तसाच उकिडवा बसून राहिलो. सहा पायांची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली ती अळी खरोखर सुसरीसारखी होती आणि तिच्या जबड्यात मावा धरलेला होता.

पुढे रोज सकाळी मी तेथे जाऊ लागलो. काही दिवसांनी त्या अळीने पानाला स्वतःला चिकटवून घेतले व तिचा कोष झाला. पाचव्या दिवशी त्यातून फिकट पिवळा, एकही ठिपका नसलेला एक कीटक बाहेर आला. दोन-तीन तासांत त्याच्या पाठीवर नक्षी उमटली आणि मी त्याला ओळखले. लहानपणी आपण सर्वांनी हातावर चालवलेला तो गोल, चकचकीत ढालकिडा! त्याचीच ही अळी. मोठा ढालकिडा आपल्याला गोजिरवाणा वाटतो, त्याच्या पिल्लाला मात्र आपण रोग समजून चिरडतो.

सोमवारी मी ते फोटो वर्गात दाखवले, फुली खोडली आणि त्या मुलाचे ६ चे ८ गुण केले. चूक माझी होती, हे सर्वांसमोर सांगितले. मग त्याच्या घरीही गेलो. त्याविषयी शेवटी सांगेन.

आता या छायाचित्रणाविषयी थोडेसे. इंग्रजीत याला ‘मॅक्रो फोटोग्राफी’ म्हणतात. काटेकोर अर्थाने सांगायचे तर वस्तू जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर पडली पाहिजे. १० मिलिमीटरचा किडा असेल तर प्रतिमाही १० मिलिमीटरची. तीच पुढे कागदावर किंवा मोबाइलवर मोठी केली की डोळ्यांना न दिसणारे बारकावे दिसू लागतात. पण यात एक अडचण आहे. इतक्या जवळून फोटो घेताना स्पष्ट दिसणारा भाग फार थोडा असतो. मोठ्या कॅमेऱ्यात तो जेमतेम १ मिलिमीटर भरतो. डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर होतात. मोबाइलमध्ये थोडी अधिक सवलत मिळते, परंतु श्वास रोखून स्थिर बसणे काही चुकत नाही.

असे बसले म्हणजे काय दिसते? चतुराचा डोळा म्हणजे हजारो बारीक डोळ्यांची जाळी असते. काही जातींत एका डोळ्यात सुमारे ३०,००० पर्यंत असे भाग असतात. झेंडूचे एक फूल आपण एक समजतो, पण जवळून पाहिले तर तो पुष्कळ फुलांचा मेळावा असतो. ज्याला आपण पाकळी म्हणतो ते प्रत्येक स्वतंत्र फूल. कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडली असे वाटते, आणि भिंगातून पाहावे तो तिला पाय असतात! ती कॉमन मॉरमॉन या काळ्या फुलपाखराची लहान अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने घेतलेले हे सोंग. मोठी झाल्यावर तीच हिरवीगार होते. अशा किती अळ्या मी स्वतः झाडून टाकल्या असतील आणि वर आमच्या बागेत फुलपाखरे येत नाहीत अशी तक्रारही केली असेल!

पालक विचारतील, याचा व्यवहारात उपयोग काय? एक उदाहरण देतो. आठवीतल्या एका विद्यार्थिनीच्या घरी भोपळ्याच्या वेलाला फुले यायची, पण छोटी फळे पिवळी पडून गळायची. तिची अम्मी रोग समजून रोज सकाळी औषध फवारत असे. मुलीने अम्मीच्याच मोबाइलवर फुलांचे फोटो काढून मला दाखवले. काही फुलांखाली छोटासा भोपळा होता, काहींखाली नुसता देठ. पहिले मादीफूल, दुसरे नरफूल. नरफुलात एक मधमाशी पिवळ्या परागकणांनी माखलेली होती. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढल्यावर मिटते. तेवढ्या वेळात माशीने पराग पोचवला नाही तर फळ धरत नाही. आणि नेमकी तीच वेळ फवारणीची! फळगळीला इतर कारणेही असतात, हे खरे. परंतु अम्मीने सकाळचे फवारे बंद केले, वेलावर माश्या पुन्हा येऊ लागल्या आणि त्या हंगामात त्यांच्या घरचा भोपळा आमच्याही घरी आला.

मुलाच्या प्रश्नाला वडीलधाऱ्यांनी किंमत दिली तर काय घडते, याचा दाखला आपल्या मुंबईतच आहे. १८९६ साली जन्मलेले सलीम अली लहानपणीच पोरके झाले व मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. एके दिवशी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कसली चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले. मामांना सांगता येईना. पण त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्ड साहेब यांच्या नावे चिठ्ठी देऊन त्याला धाडले. मिलार्ड साहेबांनीही पक्षी ओळखून दिला आणि संग्रहालयातील नमुने उघडून दाखवले. त्या मुलाचे नाव पुढे पक्षिशास्त्रात जगभर झाले. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याचे जे निरीक्षण केले, तेही तासन्‌तास एका जागी बसूनच. ‘मला ठाऊक नाही, पण विचारून येऊ’ एवढे म्हणणारा मामा प्रत्येक मुलाला मिळाला पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी चार सूचना. सूर्योदयानंतर लगेच बागेत जा. थंड हवेत कीटक सुस्त असतात आणि वाराही कमी असतो. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. उभ्याने वरून फोटो काढू नका. खाली बसा, त्यांच्या पातळीवर या. स्पष्टपणा नेहमी डोळ्यावर साधा आणि त्यासाठी मोबाइल किंचित पुढे-मागे सरकवा. वाऱ्याने फांदी हलत असेल तर शेजारी काठी रोवून कपड्यांच्या चिमट्याने फांदी तिला अडकवा. अंधार वाटल्यास दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरा. वीस फोटोंत एक चांगला आला तरी समाधान माना. आणि वहीत तारीख, वेळ, झाडाचे नाव आणि किडा काय करीत होता हे अवश्य लिहा. नोंद नसेल तर फोटो नुसते चित्र राहते.

फोटोसाठी किडा मारू नका, पंख तोडू नका, कोष उपटू नका. गांधीलमाश्यांच्या पोळ्याजवळ जाऊ नका. दुसऱ्याच्या बागेत विचारल्याशिवाय शिरू नका.

पालकहो, मोबाइलमुळे मुले बिघडतात ही आपली तक्रार आहे आणि ती खोटी नाही. तोच मोबाइल सकाळी अर्धा तास त्यांना परसात नेत असेल तर तेवढा वेळ द्या, आणि मुलींनाही द्या. जमल्यास शेजारी जाऊन बसा.

आता त्या मुलाविषयी. मी घरी गेलो तेव्हा त्याच्या वडिलांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेऊन तो बराच वेळ पाहिला. मग मुलाला हाक मारून विचारले, “हे तुला कुणी शिकवलं?” तो म्हणाला, “कुणी नाही, अब्बा. मी बघितलं.” ते काही बोलले नाहीत, पण दुकानाचा विषयही त्यांनी पुन्हा काढला नाही. यंदा तो मुलगा दहावीला बसतो आहे. त्याला किती टक्के पडतील ते मला सांगता येणार नाही. मी मात्र तेव्हापासून लाल पेन हातात घेतले की फुली मारण्याआधी मुलाला एकदा विचारतो, “हे तू कुठे बघितलंस?”