निकोटीन : पानातले आणि हातातले



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनीच मला रसायनशास्त्राची गोडी लावली. म्हणून आज निपाणी भागाच्या नित्य परिचयाचा विषय मी निवडला आहे : तंबाखूतील निकोटीन.

हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमन यांनी 1828 साली निकोटीन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच्या रेणूत कार्बनचे 10, हायड्रोजनचे 14 आणि नायट्रोजनचे 2 अणू असतात. हा रंगहीन, तेलकट द्रव हवेच्या संपर्काने तपकिरी होतो. तंबाखूचे झाड तो मुळांत तयार करते व किडींपासून रक्षणासाठी पानांत साठविते. शेंडा खुडला की पानांतील त्याचे प्रमाण वाढते.

निकोटीन अल्कधर्मी आहे. पानात ते आम्लांशी बद्ध असते. मळताना लावलेला चुना त्याला मोकळे करतो आणि मग ते तोंडाच्या अस्तरातून त्वरित रक्तात शिरते. चुन्याची चिमूट हा रसायनशास्त्राचाच प्रयोग आहे.

माझी आई सकाळी दवाने भिजलेल्या शेतात शेंडे खुडण्यास जाई. दुपारी तिला मळमळे, गरगरे, कधी उलटी होई. घरात सारे म्हणत, "पित्त झालं." तिने तर जन्मात तंबाखू तोंडात घातली नव्हती. मी सरांना विचारले. ते म्हणाले, "अरे, निकोटीन पाण्यात विरघळतं. ओल्या पानातून ते हातावर येतं आणि कातडीतून आत जातं. आईला सांग, दव वाळल्यावर जा, लांब बाह्यांचं घाल, ओले कपडे लगेच बदल, साबणानं हात धू."

आईने ऐकले. मात्र दव वाळेपर्यंत थांबणे मजुरी करणाऱ्या बाईच्या हाती नव्हते. उरलेले तिने केले आणि तिचा त्रास पुष्कळ कमी झाला.

1981 साली याच पिकाच्या भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला. गोळीबारात माणसे मेली. वखारीतील बायकाही मजुरीसाठी संघटित झाल्या. भाव आणि मजुरी यांच्याइतकेच या हातांचे आरोग्यही मोलाचे आहे.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर पुस्तकातील हे सूत्र तंबाखूत राबणाऱ्या आपल्या माणसांना समजावून सांगा. सरांना तीच खरी आदरांजली ठरेल.